मागे घेतलेली खेळी

सांगलीच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले एक कंपाउंडर आणि साताऱ्याच्या शाळेत गणित शिकवणारी मी, असा आमचा पोस्टकार्डांवर बुद्धिबळाचा खेळ चाले. एका कार्डावर एक खेळी. एका स्पर्धेत त्यांनी मला हरवलं आणि पत्ता मागून घेतला, तेव्हापासून. चार वर्षांत मी एकदाही जिंकले नव्हते.

मग शाळेनं आम्हाला कॉम्प्युटर शिकायला पाठवलं. क्लासमधल्या मशीनवर बुद्धिबळाचा प्रोग्रॅम होता. शिकायचं म्हणून आमचा चालू डाव मी त्यात मांडला. मी घोडा हलवणार होते. मशीननं हत्तीचा बळी द्यायला सांगितलं. का, ते कळेना. तरी कार्डावर तेच लिहिलं. पेटीत टाकलं आणि लगेच वाटलं, हात घालून परत काढावं.

पुढचा आठवडा कशात जीव लागेना. फळ्यावर गणित अर्धवट ठेवून मी खिडकीतून पोस्टमनची वाट बघायची. शेवटी कार्ड आलं: ‘आवं बाई, हत्ती असा देनाऱ्या तुमी न्हाई. कुणी सांगितलं?’

रविवारी सांगलीची एसटी धरली. कराडला गाडी थांबली तेव्हा उतरून माघारी फिरावंसं वाटलं. ते दारातच बसले होते. मी पायरीवरूनच सांगून टाकलं, “खेळी माझी नव्हती. मी घोडा हलवणार होते. ही कॉम्प्युटरची होती.”

ते म्हणाले, “पर बरुबर हाय का ती?”

“तो म्हणतो, आहे. मला कळली नाही.”

“मला बी न्हाई. चार दिस डोकं खातीया. या आत.”

डाव पटावर मांडलेलाच होता. दुपारभर आम्ही तो हत्ती मारून पाहिला, न मारून पाहिला. अखेर त्यांना दिसलं, पाच खेळ्यांनंतर माझं एक प्यादं मोकळं सुटत होतं. ते उठून अंगणात फेऱ्या घालू लागले. “लय लांबचं बघतंय की वो ते!”

मग पटाशी येऊन म्हणाले, “आता ती खेळी मागं घ्या. तुमचा घोडा हलवा.”

हलवला. दीड महिन्यात हरले. पण त्यानंतर डाव संपला की मी तो मशीनवर मांडायची आणि दोघं कुठं चुकलो ते त्यांना सविस्तर कळवायची. दुसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा जिंकले. हार मान्य करून त्यांनी खाली लिहिलं होतं, ‘मशीन काय म्हनतं ते लगीच कळवा. मला दम न्हाई.’