यादीच्या तळाशी माझं नाव

चहा आधी घ्या. गार झाला तर मला दोष द्याल, आणि या गोष्टीत माझ्या पदरी दोष मुळातच भरपूर आहे. तुम्ही म्हणाल, काकू, तुमच्या हातून आणि चूक? झाली बाबांनो. तीही चार भिंतींच्या आत नाही, अख्ख्या गावाच्या निवडणुकीत झाली.

आमचं गाव फ्रँकफर्टच्या बाहेर, एश्बॉर्नच्या थोडं पलीकडे. चाळीसेक वर्षं इथे काढली. माझी शाळा कराडजवळच्या खेड्यात सातवीपर्यंत. जर्मन मी कुठल्या वर्गात शिकले नाही. दुकानांची पत्रकं, डॉक्टरकडची जुनी मासिकं आणि शेजारणींशी भांडणं, एवढ्यावर शिकले. भांडताना भाषा फार लवकर येते, कारण शब्द अडला तर आपली बाजू पडते. इथलं नागरिकत्व घेताना परीक्षा असते, तीत माझं एकही उत्तर चुकलं नाही. हे मुद्दाम सांगते. पुढे जे झालं ते म्हातारीला नियम कळले नाहीत म्हणून झालं, असं कुणी म्हणायला नको. नियम मला तोंडपाठ होते. घात झाला तो दुसरीकडेच.

आमच्या शेजारी हेर केसलर राहतात. प्लंबर होते, आता निवृत्त. पण गाव त्यांना ओळखतं ते तरणतलावामुळे. गावातली निम्मी पोरं त्यांनी पाण्यात ढकलून पोहायला शिकवली, त्यात माझा अमितही. तलाव आता जुना झालाय, छत गळतं, आणि नगरसभेत कुणी ना कुणी उठून म्हणतं की बंद करून टाकू. केसलरना एकच ध्यास: त्या सभेत आपली एक खुर्ची हवी, म्हणजे तलावाची बाजू मांडता येईल. दोनदा उभे राहिले. दोन्ही वेळा एका नंबराने हुकलं.

यंदा सगळ्या हेसन राज्यात गावोगावच्या निवडणुका एकाच दिवशी होत्या. थंडीत एका संध्याकाळी केसलर आमच्या दारात उभे. बूट पुसता पुसता पायपुसणं झिजवलं, तेव्हाच ओळखलं की काहीतरी मागायला आलेत.

त्यांची कुठली मोठी पार्टी नाही. गावातल्याच लोकांनी केलेली स्वतंत्र यादी. तीत यंदा त्यांचा नंबर तिसरा.

"आल्झो, फ्राऊ यागटाप," ते म्हणाले. आल्झो म्हणजे आपलं 'तर मग', आणि जगतापचं इथे यागटाप होतं, दुरुस्त करणं मी आता सोडून दिलंय. "यादी भरलेली दिसली पाहिजे. शेवटची एक ओळ रिकामी आहे. तुमचं नाव घालू का?"

"आणि निवडून आले तर?"

"छे, छे. अशक्य. शेवटच्या नंबरावरून आजवर कुणी आलेलं नाही. ती भीती अजिबात बाळगू नका."

इतक्या खात्रीने सांगायची काही गरज नव्हती. पण ज्या माणसाने आपल्या पोराला बुडू दिलं नाही, त्याला नाही कसं म्हणायचं? केली सही. आणि वर शब्द दिला, "आमच्या महाराष्ट्र मंडळातली सगळी मतं तुमची. मी बघते."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणून त्यांनी माझा हात हलवला. आतून आमचे हे म्हणाले, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी तुला रांगेत शेवटी उभं केलं. मला त्या माणसाकडून शिकायला हवं होतं."

"अहो, बातम्या बघा तुम्ही," मी म्हटलं.

मग मी नियम वाचायला घेतले. भिंग लावून, दोनदा. इथली मतपत्रिका म्हणजे काय असते ते तुम्ही पाहिलं नसेल. उलगडली की जेवणाचं टेबल झाकतं. प्रत्येकाकडे सभेत जेवढ्या खुर्च्या तेवढी मतं. नुसती एका यादीवर फुली मारलीत तर त्या यादीतल्या प्रत्येकाला एकेक मत मिळतं, वरच्यालाही एक आणि तळाच्यालाही एक. पण तुम्हाला एखादा माणूस खास आवडत असेल तर त्याच्या नावापुढे हाताने तीन फुल्या मारता येतात. खुर्च्या यादीला मिळतात, आणि त्यावर बसायचं कुणी ते या जादा फुल्या ठरवतात. किती छान नियम. मला तर रांगोळीच्या ठिपक्यांसारखा चट्दिशी कळला.

मंडळाचं हळदीकुंकू चर्चच्या सभागृहात असतं. मी नमुन्याची मतपत्रिका भिंतीवर चिकटवली, हातात लाटणं घेतलं आणि सगळ्या बायकांना, त्यांच्या नवऱ्यांना, नियम समजावले. ज्यांचं घर आमच्या गावात आणि ज्यांच्याकडे इथला पासपोर्ट त्यांनी मत द्यायचं, बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. सगळे ऐकत होते. मी बोलते तेव्हा ऐकतात.

"तर तीन फुल्या कुणाला?" मी लाटण्याने दाखवलं. "हेर केसलर. तिसरं नाव."

वैशाली म्हणून एक मुलगी आहे, राहते आमच्याच गावात, नोकरी एश्बॉर्नला आयटीत, मंडळाची सेक्रेटरी. ती पुढे येऊन खाली वाकली. "काकू, हे तळाला तुमचंच नाव आहे ना?"

"आहे. त्याकडे बघू नका."

"असं कसं? तुम्हाला पण देऊ ना."

"नको गं. मला नको."

"तीन नाही तर एक तरी घ्या."

"अगं, खरंच नको. मी काय करणार घेऊन? तुम्ही त्यांना द्या, मला पोचलं."

"थोडं तरी, काकू."

"अजिबात नको," मी म्हटलं, आणि नमुन्यावरच्या माझ्या नावावर हात आडवा धरला.

सभागृहात सगळे गोड हसले. मला वाटलं, समजलं यांना. तिळगूळ वाटला, वाण दिलं, घरी आले. केसलरना कुंपणावरून सांगितलंसुद्धा, काम झालं म्हणून समजा.

निवडणुकीच्या रविवारी रात्री नुसता याद्यांचा अंदाज लागतो. आमच्या यादीला तीन खुर्च्या. केसलर तिसरे. म्हणजे बसले. ते सेक्टची, म्हणजे इथल्या फसफसत्या वाईनची, बाटली घेऊन आले, त्यांची बायको रडली, आमच्या ह्यांना पाण्याची भीती वाटते, पण त्यांनीही अर्धा पेला घेतला आणि तलावावर भाषण केलं. हाताने मारलेल्या फुल्या मोजायला पुढचे दोन-तीन दिवस लागतात. तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

बुधवारी दुपारी घंटी वाजली. दारात केसलर. या वेळी पायपुसण्यावर आलेच नाहीत, पायरीवरच थांबले.

"फ्राऊ यागटाप, अभिनंदन. तुम्ही निवडून आलात."

"मी? आणि तुम्ही?"

"मी चौथा."

तीन खुर्च्यांना चौथा म्हणजे काय, हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. मीच तर लाटण्याने समजावलं होतं.

"पण कसं शक्य आहे?" मी विचारलं.

"फुल्या," ते म्हणाले. "तुमच्या नावापुढे फार फुल्या आहेत." माझा हात हातात घेऊन नीट हलवला आणि गेले. एक शब्द वाकडा नाही. जाताना रस्त्यावरचा आमचा कचऱ्याचा डबाही आत ओढून ठेवला. भांडले असते तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

मी तशीच वैशालीला फोन लावला.

"काय केलंत तुम्ही लोकांनी?"

"काकू, अभिनंदन! आम्ही सगळ्यांनी तुम्हालाच दिली. तीन-तीन."

"मी नको म्हटलं होतं ना?"

"हो, म्हटलं होतंत ना," ती म्हणाली, जणू मी तिचीच बाजू मांडत होते.

"मग?"

"मग काय, काकू? तुम्ही तीनदा नको म्हणालात. हात आडवा धरलात. एवढं होऊन आम्ही वाढलं नसतं, तर बरं दिसलं असतं का? आणि केसलर वर बसले होते, त्यांना काय कमी पडणार? पंगतीत शेवटी बसलेल्याला आधी बघावं, हे तुम्हीच सांगता."

"अगं, पण मला खरंच नको होतं."

"ते आम्हाला कसं कळणार? काकू, मला एक सांगा. तुमच्याकडे जेवायला आल्यावर मी जिलबी खरंच नको म्हटलं, तर तुम्ही काय करता?"

मी फोन ठेवला. काय करते ते सगळ्या फ्रँकफर्टला माहीत आहे. माझ्या पंगतीला 'नको' म्हणणारा माणूस आजवर दोन जिलब्यांच्या खाली सुटलेला नाही. पानावर हात आडवा धरला, तर मी बोटांच्या फटीतून सोडते. वीस वर्षं या पोरींना मीच शिकवलं की पहिला नकार म्हणजे वळण, दुसरा म्हणजे लाज, तिसरा झाला की बिनधास्त वाढा. त्यांनी वाढलं. माझ्या पानात केसलरची खुर्ची वाढली.

नियम असा की ठरल्या मुदतीत नाही म्हणून कळवलं नाही तर तुमचा होकार धरतात. मी सोडली तर यादीतला पुढचा माणूस बसतो, म्हणजे केसलर. उत्तर तर सरळ होतं. ज्याची त्याला द्यायची.

पण आता खरं सांगते, तुमच्यापासून काय लपवायचं. गुरुवारी बेकरीतल्या बाईने ब्रेड देताना मला "आमच्या नव्या सभासद" म्हटलं. शुक्रवारी पोस्टमन थांबून फुटपाथच्या खड्ड्याबद्दल बोलला, आणि मी म्हटलं, बघते. शनिवारपर्यंत माझ्या मनात त्या खड्ड्यावर, बसच्या वेळांवर आणि दवाखान्यातल्या त्या उद्धट बाईवर भाषणं तयार झाली होती. सातवी पास बाई जर्मनीच्या नगरसभेत. कराडला कळलं असतं तर काय वाटलं असतं? आणि तलावाची बाजू मी नसती का मांडली? पोहता येत नाही म्हणून काय झालं?

आमच्या ह्यांना ते कळलं. म्हणाले, "सोडायची आहे ना खुर्ची?"

"सोडायचीच आहे. त्यांची आहे ती."

"मग आरशासमोर काय पुटपुटतेस?"

"नकार पाठ करतेय. परक्या भाषेत नीट म्हणता आला पाहिजे."

माझा बेत असा होता. केसलरना बरोबर घेऊन राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत, जायचं. मी म्हणणार, नको. निवडणुकीच्या टेबलावरची बाई म्हणणार, अहो, लोकांनी तुम्हाला निवडलंय. मी पुन्हा नको म्हणणार, हे केसलरांचं आहे म्हणणार. मग केसलर म्हणणार, फ्राऊ यागटाप, तुम्ही राहा, माझं काय. मी तिसऱ्यांदा नको म्हणणार. आणि त्यानंतरही त्या दोघांनी फारच धरून ठेवलं, अगदी गळ घातली, तर मग बघू. माणसाने किती ताणायचं? निदान मान तरी राहील, त्यांचा आणि माझाही.

सोमवारी मी नारायणपेठी नेसले, वर जाड कोट घातला. केसलरना सांगितलं, चला, तुमच्यासमोरच काय ते होऊ दे. ते जाकीट घालून आले. वाटेत फार बोलले नाहीत, एकदाच म्हणाले की तलावाचा विषय पहिल्याच सभेत आहे.

टेबलामागची बाई तरुण होती, चष्मा लावलेली, हसतमुख. मला बसायला सांगितलं. मी पदर नीट केला.

"तुम्हाला जागा स्वीकारायची नाही, असं का?" तिने विचारलं.

मी मान खाली घातली, मंद हसले आणि म्हटलं, "नाही हो, मला नको. हेर केसलरना द्या."

"बरं," ती म्हणाली. "इथे सही करा."

मी वर बघितलं. मला वाटलं, पुढे काही येईल. ती कागद सरळ करत होती. मी केसलरांकडे बघितलं. हीच त्यांची पाळी होती. त्यांनीही माझ्याकडे बघितलं, डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या, आणि मग त्यांनी जाकिटाच्या आतल्या खिशात हात घालून स्वतःचं पेन काढलं आणि टोपण उघडून माझ्या हातात दिलं.

मी सही केली. काय करणार?

"डांके, फ्राऊ यागटाप," ते म्हणाले, "तुमच्यासारखं सरळ बोलणारं माणूस मी पाहिलं नाही."

बाहेर आमचे हे बाकावर बसले होते. "झालं?" त्यांनी विचारलं. "धरून ठेवलं का फार?"

काय सांगणार होते? तीन नकार पाठ करून गेले होते मी. पहिल्यातच काम झालं. उरलेले दोन घेऊन घरी आले.