महीनने नेसलेलं माझं हिरवं लुगडं

...नाही, भाताचं खोडू नकोस मीनल. मंडळाच्या दिवाळी अंकात भाताचं चालतं. लिही, की आमच्या शेजारची महीन भात लावते तो मुद्दाम खाली लागू देते, आणि मग पातेलं उपडं करून ती खरपुडी मानाच्या पाहुण्याला वाढते. आमच्याकडे भात लागला तर सासू बोलते, त्यांच्या इराणात लागला नाही तर बोलते. सासू दोन्हीकडे बोलतेच, हे मला लंडनच्या एजवेअरला येऊन कळलं.

महीन माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. नवरा गेलेला, तो गेल्यावर इकडे भाचीच्या आधाराने आली. केस रंगवते, लिपस्टिक लावल्याशिवाय कचऱ्याचा डबासुद्धा बाहेर ठेवत नाही. तिचं इंग्लिश मोडकं, माझं त्याहून मोडकं, म्हणून आमचं छान जमायचं. चांगलं इंग्लिश येणाऱ्यांशी बोलताना आपल्याला लाज वाटते, तशी तिच्याशी वाटायची नाही. मला ती खानूम म्हणायची. खानूम म्हणजे बाई.

तिचा एकुलता एक मुलगा कावेह, तिकडे तेहरानला कॉलेजात. दर शुक्रवारी त्याचा फोन. यंदाच्या जूनमध्ये तिकडे निवडणूक झाली, आणि लोक म्हणाले आमची मतं खाल्ली. लाखो माणसं रस्त्यावर. सगळ्यांच्या हातात काहीतरी हिरवं, तो त्यांच्या बाजूचा रंग. आणि समोरून मोटरसायकलवर दंडुकेवाले. टीव्हीवर तू पण बघितलंस की. कावेहने आईला फोन केला, "मी पण चाललोय." त्यानंतर फोन बंद. शुक्रवार गेला, दुसरा शुक्रवार गेला. महीन तो मोबाईल कपड्याने पुसायची, जसा काही धुळीमुळे वाजत नाही. आणि भात करत सुटली. आपल्या फ्रीजमध्ये जागा उरली नाही.

मग तिची भाची म्हणाली, लंडनमध्ये आपली वकिलात आहे, तिच्यासमोर रोज माणसं जमतात, तू पण चल. तिथे जायला महीनचा जीव तडफडे, पण म्हणे, "खानूम, खिडकीत कॅमेरा. माझा फोटो काढणार, नाव शोधणार, तिकडे मुलाला पकडणार."

मी म्हटलं, हात्तिच्या. म्हातारी हिंदुस्थानी बाई कुणी बघतं का? मी इथे नऊ वर्षं आहे, मला अजून बसचा ड्रायव्हर बघत नाही. तुला लुगडं नेसवते.

माझं हिरवं इरकली लुगडं काढलं. ती म्हणाली सहावारी दे, ते छान दिसतं. मी म्हटलं, छान दिसायला चाललो नाही आपण. नऊवारीला कासोटा असतो, वेळ आली तर पळता येतं. हे तिला पटलं. आतून पँट मात्र सोडली नाही तिने. लिपस्टिकही नाही. माझं माहेर कासाराचं, बांगड्यांचा डबा मी इथेही आणलाय. हिरव्या बांगड्या भरायला तिचा हात हातात घेतला आणि थबकले. हिरवा चुडा सवाष्णीचा. मग म्हटलं, तिकडे तरणी पोरं जिवानिशी चाललीत आणि मी इथे कसला नियम बघते. भरल्या. कपाळाला टिकली लावली. तू आलीस आणि काय म्हणालीस? "आजी, हा तर same आपला आजी दिसतो!" लिही, लिही. चुकीचंच लिही.

ट्यूबमध्ये काय झालं ते आठवतंय ना? नेमके रघुवीरराव भेटले, मंडळाचे. दोन नऊवारीतल्या बायका बघून त्यांचं काळीज उचंबळलं.

"नमस्कार काकू! आणि या कोण? नवीन दिसतात."

मी म्हटलं, "माझी मावसबहीण. नागपूरची."

"काय सांगता! आमची सुलक्षणा नागपूरचीच! नागपुरात कुठे, हो? धरमपेठ?"

महीनने माझ्याकडे बघितलं. मराठीतला एकच शब्द तिला यायचा, तो मी जेवायला वाढताना ती शिकलेली. तिने हात आडवा धरला आणि म्हणाली, "बस, बस."

"त्यांना ऐकू कमी येतं," मी म्हटलं.

तर हा माणूस तिच्या कानाशी वाकून ओरडतो, "धरमपेठ काऽऽ?" अख्खा डबा बघायला लागला. "नागपूरच्या आहेत पण गोऱ्या आहेत हो खूप," म्हणाले. मी म्हटलं, "आता संत्रीच खातात." रघुवीरराव, तुम्ही हे वाचाल तर रागावू नका. सुलक्षणाला पण सांगा.

वकिलातीसमोर गेलो तर ही गर्दी. हिरव्या पट्ट्या, हिरवे दुपट्टे, एकाने तर कुत्र्याला हिरवं बांधलेलं. पहिलं माझ्या मनात आलं, कुणाचं तरी डोहाळजेवण आहे. मग बघितलं, पोरींच्या हातात फोटो. मार खाल्लेल्या मुलांचे. महीन एकेक फोटो बघत चालली होती आणि माझा पदर तिने इतका घट्ट धरलेला की खांद्यावरून सुटला. त्यात कावेह नव्हता. नव्हता हे चांगलं की वाईट, तेही कळेना.

मी तिला कडेला उभी केली. आता गप उभं राहायचं आणि घरी यायचं, असं ठरलेलं. पण वरच्या खिडकीचा पडदा हलला. कुणीतरी आतून बघत होतं. त्या पडद्याआडून बघणाऱ्याचा मला असा संताप आला!

आमच्या गावी एकदा नळाला पाणी येईना, तेव्हा बायकांनी मोर्चा नेलेला आणि साहेबाच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर ठेवलेला. घ्या, भरा हातात. आमच्याच दुकानातल्या बांगड्या. मला दुसरा मोर्चा माहीतच नाही. वाटेत एखादी पिचली तर म्हणून बांगड्यांचा डबा पिशवीत होताच. काढल्या डझनभर, धरल्या त्या खिडकीकडे आणि ओरडले, "बांगड्या भर, मेल्या! पडद्याआड काय बसतोस!"

तो पोलीस आला, गोरा, पोरसवदा, फार नम्र. विचारतो, ही भेट आहे का, ती मी आत पोचवू का? तू त्याला समजावलंस, की ही भेट नाही, हा अपमान आहे. तो म्हणाला, अपमान इथूनच करा. एक इराणी पोरगी म्हणते, "आजी, बांगड्या तर आम्हीपण घालतो. बांगड्या वाईट असतात का?"

मी म्हटलं, "वाईट नाहीत गं. त्याला पेलायच्या नाहीत."

तू ते इंग्लिशमध्ये सांगितलंस आणि जी काय शिट्ट्या-आरोळी झाली! सगळ्या पोरींनी हात पुढे केले, मी भरत सुटले. आणि महीन! गप उभी राहायची ती महीन पुढे आली, डावा हात कमरेवर, उजवं बोट खिडकीकडे, आणि तिच्या भाषेत अशी तोफ सुटली की उजव्या हातातल्या दोन बांगड्या वाढल्या, फुटल्या म्हणू नये. मला एक शब्द कळला नाही, पण आईच्या शिव्या कुठल्याही भाषेत कळतात.

तेवढ्यात टीव्हीचा कॅमेरा. महीनचा चेहरा दिसू नये म्हणून तू ओरडत होतीस, "मावशीची नाक झाक, मावशीची नाक झाक!" कुणी ऐकतंय!

संध्याकाळी बातम्यांत आम्ही दोघी. खाली लिहिलेलं काय ते तू वाचलंस, की हिंदुस्थानी बायकांचाही पाठिंबा. मी खूश. महीन पांढरीफटक. "खानूम, तू म्हणालीस कुणी बघणार नाही." त्या दिवशी तिने भात केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लुगडं धुऊन, घडी घालून परत द्यायला आली. दारातच होती आणि मोबाईल वाजला. लांबचा नंबर. तिने कानाला लावला, आणि पलीकडून एवढंच आलं, "आई, हिंदुस्थानी कपडे तुला अजिबात शोभत नाहीत."

बाकीचं मागाहून कळलं. दंडुकेवाल्यांपासून पळताना भिंतीवरून उडी मारली, पाय मोडला, फोन हरवला, मित्राच्या घरी दडून होता. तिथे छपरावर लपवलेली डिश होती, तीवर बाहेरच्या बातम्या दिसायच्या. चेहरा नाही ओळखला त्याने. तो कमरेवरचा हात आणि ते बोट ओळखलं. लहानपणापासून त्याच्याचकडे रोखलेलं होतं ना. आईला धीर द्यायला शेजाऱ्याच्या फोनवरून केला, आणि फोन कुणी ऐकत असेल म्हणून कपड्यांवरच बोलला. महीन हसत होती की रडत होती, काय सांगू. फक्त "बस, बस" म्हणत होती, आणि लुगड्याची घडी मोडून त्याच पदराने तोंड पुसत होती. मी म्हटलं, राहू दे ते तुझ्याकडेच. तो इकडे येईल तेव्हा विमानतळावर नेसून जा, लांबून ओळखेल.

आता भाची वॉटफर्डला गेली, तिच्याबरोबर महीन पण. माझे गुडघे मला तिथवर जाऊ देत नाहीत. कावेह अजून यायचाय. तर वॉटफर्डचं कुणी हे वाचत असेल, त्यांनी एजवेअरला आमच्याकडे डोकवावं. दोन हिरव्या बांगड्या कागदात बांधून ठेवल्यात, तिच्या मापाच्या. तेवढ्या महीनला पोचत्या करा, आणि सांगा, उजव्या हातात भर. तिथल्याच दोन कमी आहेत.