एका फेरीत एक बंड

बंडखोरीविषयी या पृथ्वीवर सगळ्यात जास्त माहिती असलेला आणि स्वतः एकदाही बंड न केलेला माणूस माझ्या सासरच्या मंडळींत आहे, हे मी कुठल्याही व्यासपीठावरून छातीठोकपणे सांगायला तयार आहे. माझ्या बायकोचा हा मावसभाऊ. वय चौतीस, गाव मिरज, मुक्काम सिंगापूर. उद्योग म्हणाल तर 'समकालीन अमेरिकन लघुकथेतली तरुणांची बंडखोरी आणि वयात येणं' या विषयावर इथल्या एका विद्यापीठात डॉक्टरेटनंतरचं संशोधन. मी जहाजावरचा इंजिनियर. पंधरा वर्षं समुद्रात काढली आणि आता हार्बरफ्रंटच्या एका ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या जहाजांच्या तक्रारी ऐकतो. त्यामुळे हा विषय पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी सरळ विचारलं, "आणि याचा पगार मिळतो?" "मिळतो की दाजी," तो म्हणाला. मी म्हटलं, "नशीबवान आहेस. आम्ही वयात आलो ते फुकट आलो."

हा माणूस बसत नाही. म्हणजे बसतो, पण उठण्याच्या तयारीसाठी. आमच्याकडे जेवायला आला की भाताला खुर्चीत, आमटीला खिडकीशी आणि ताकाला दाराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये असायचा. वाचायचा तेही चालताना. आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, जिथे म्हातारे चिनी आजोबा बुद्धिबळ मांडून बसतात, तिथे हा हातात पुस्तक धरून खांबांना नागमोडी वळसे घालत असे. आजोबांनी एकदा त्याला बसायला स्टूल दिलं. त्यानं ते अदबीनं घेतलं, त्यावर पुस्तकांची पिशवी ठेवली आणि पुन्हा वळसे सुरू केले. पण त्याची खरी अभ्यासिका म्हणजे बुकित पंजांगची एलआरटी. ही बिनड्रायव्हरची इवलीशी गाडी आमच्या वस्तीभोवती गोल फिरते, जिथून निघते तिथेच परत येते. बाकीचे लोक तिच्यातून घरी जातात. हा तिच्यात गोष्टी वाचायचा. "दाजी, एका फेरीत एक गोष्ट बरोबर बसते," असं त्याचं मोजमाप होतं. एखादी गोष्ट कशी आहे विचारलं की "दीड फेरीची आहे, पण शेवटच्या तीन स्टेशनांत जमते," असं उत्तर यायचं. घरांच्या अगदी जवळून जाताना त्या गाडीच्या काचा आपोआप धुरकट होतात, कोणी लोकांच्या बेडरूममध्ये डोकावू नये म्हणून. गोष्टीतल्या मुलामुलीचं पहिलं चुंबन नेमकं त्याच वेळी येतं, अशी त्याची तक्रार होती. आपण काहीतरी चोरून वाचतोय असं वाटतं म्हणे.

आणि असं वाटायला त्याला फार काही लागत नसे, कारण आज्ञाधारकपणात त्याचा हात धरणारा मी पाहिलेला नाही. त्याचे वडील मिरजेच्या एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर. मी त्यांना काका म्हणतो. मावशींना, म्हणजे त्याच्या आईला, जाऊन चार वर्षं झाली आणि तेव्हापासून काका एकटेच राहतात. मेहुणा त्यांना रोज फोन करायचा आणि प्रत्येक गोष्ट विचारायचा. बूट घ्यायचे, बाबांना विचारतो. दाढ काढायची, बाबांना विचारतो. एकदा हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत नूडल्सच्या रांगेत आमचा नंबर आल्यावर मागच्या सात माणसांना थांबवून त्यानं मिरजेला फोन लावला, कारण रश्शात मासळी असते असं त्याला कळलं होतं. "बाबा म्हणाले, मासळी चालेल, पण कोळंबी आज नको." मी विचारलं, "आज का नको?" तर म्हणाला, "ते विचारलं नाही."

असा हा माणूस दर रविवारी दुपारी आमच्या घरी बंडाच्या गोष्टी सांगायचा. ही प्रथा माझ्याच आगाऊपणातून पडली. तू दिवसभर वाचतोस तरी काय ते सांग, असं मी एकदा म्हणालो आणि मग दर रविवारी जेवणानंतर हा मराठीतून एक अमेरिकन गोष्ट सांगू लागला. श्रोते म्हणजे मी, बायको, आमची पंधरा वर्षांची मुलगी आणि बेडोकहून दोन गाड्या बदलून येणारे एक चीफ इंजिनियर, ज्यांना आम्ही चीफसाहेबच म्हणतो. मेहुणा येरझारा घालत सांगायचा. ओसाड गावातली सोळा वर्षांची पोरगी सावत्र बापाचा ट्रक घेऊन पहाटे पळते. आरशात मागे पडणारं गाव दिसतंय, ही गिअर शोधतेय, असं तो इतकं रंगवायचा की बायकोच्या हातातली सुपारी तशीच राहायची. तेवढ्यात चीफसाहेब विचारायचे, "ट्रकचं शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं होतं?" मेहुणा म्हणायचा, "ते दिलेलं नाही." "मग अवघड आहे," म्हणून चीफसाहेब मागे रेलायचे. त्यातून त्या गोष्टींना शेवट नसायचा. पोरगी पेट्रोल पंपावर थांबते, समोरच्या शेतावर एक पक्षी बसलेला दिसतो, संपलं. "अरे, पण ती घरी गेली की नाही?" बायको कळवळून विचारायची. "ताई, तो पक्षी हाच शेवट आहे." "पक्ष्याचं काय घेऊन बसलास? तिच्या आईचं काय?"

या गोष्टींचा परिणाम सगळ्यात जास्त माझ्यावर झाला. आमची मुलगी कुठलंच बंड करत नाही, याची मला काळजी वाटू लागली. मेहुणा तिला अभ्यासाचं साहित्य समजून मोठ्या आशेनं विचारायचा, "आज कशाविरुद्ध बंड केलंस?" ती वहीतून मान वर न करता म्हणायची, "मामा, आय गॉट ट्यूशन लाह." शेवटी मीच जांभळ्या रंगाची केस रंगवायची बाटली आणून तिला दिली. म्हटलं, घे, बंड कर, बाप पाठीशी आहे. ती म्हणाली, "पपा, स्कूल विल कॉल यू. देन यू क्राय." बाटली वाया जाऊ नये म्हणून मी तिच्यातला थोडासा रंग स्वतःच्या कानशिलावरच्या पांढऱ्या केसांना लावून पाहिला. बाटलीवर 'दोन धुण्यांत जातो' असं लिहिलं होतं. कोणाच्या धुण्यांत ते लिहिलेलं नव्हतं. पुढचे तीन आठवडे मी जहाजमालकांच्या बैठकांना जांभळी कानशिलं घेऊन बसलो आणि आमच्या साहेबांनी मला हळूच, सहानुभूतीनं विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

हे सगळं असंच चाललं असतं, पण मेहुण्याचा इथला करार संपत आला. अमेरिकेतल्या एका लहानशा गावातल्या कॉलेजनं त्याला तीन वर्षांसाठी शिकवायला बोलावलं होतं. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. जायचं त्याला इतकं होतं, की पत्राची प्रत शर्टाच्या खिशात ठेवून तो फिरायचा आणि घामानं ती भिजली की नवी काढायचा. पण वडिलांना सांगितलं नव्हतं. रोजच्या फोनवर बुटांपासून कोळंबीपर्यंत सगळं विचारणाऱ्या माणसानं हे एवढं एकच विचारलं नव्हतं. त्यात काका स्वतःच दहा दिवसांसाठी सिंगापूरला आले, ते आनंदाची बातमी घेऊन. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या संस्थेत, मिरजेजवळच, मेहुण्याची प्राध्यापकाची जागा त्यांनी जवळजवळ पक्की केली होती. घराचा मागचा भाग रंगवूनसुद्धा घेतला होता.

मेहुण्याच्या एलआरटीच्या फेऱ्या दिवसाला आठ-दहावर गेल्या. हातात पुस्तक नसायचं. शनिवारी मी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. "सांगितलंस?" "नाही दाजी. ते रात्री थालीपीठ एकट्यापुरतं लावतात. एकच. मला ते तवा घासताना दिसतात." मग मी, ज्यानं आयुष्यात कुठलीही नाजूक कामगिरी धड पार पाडलेली नाही, छाती पुढे काढून म्हणालो, "तू सोड. काकांना मी सांगतो. उद्या आपला गोष्टीचा वार आहे. गोष्ट म्हणूनच सांगतो, म्हणजे हळूच पोचेल."

रविवारी सगळे जेवायला बसले. मेहुणा ताट घेऊन खिडकीशी उभा. मी खाकरून सुरुवात केली. "आज गोष्ट मी सांगणार. अमेरिकेतला एक मुलगा असतो." काकांची ओळख पटू नये म्हणून मी गोष्टीतल्या बापाला निवृत्त स्टेशनमास्तर केलं होतं आणि मुलाला अलास्काला जायचं होतं. इथवर सगळं सुरळीत होतं. चीफसाहेबांनी "कोणत्या लाइनवरचं स्टेशन?" विचारलं, तेही मी निभावलं. मग मी मुलाची घालमेल वर्णन करू लागलो आणि माझा मलाच गहिवर आला. "आई जाऊन चार वर्षं झालेली. बाप एकटा. रात्री तो स्टेशनमास्तर एकट्यापुरतं थालीपीठ लावतो..."

बायकोनं डोळे मिटले. मुलगी पुटपुटली, "अमेरिकन थालीपीठ. वाह." मी घाईघाईनं "म्हणजे तिकडचं, मक्याचं" अशी पुस्ती जोडली, पण जे व्हायचं ते झालं होतं.

काका शांतपणे घास चावत होते. तो गिळून म्हणाले, "गोष्ट बरी आहे. पण मुलाचं पात्र कच्चं उतरलंय."

"ते कसं काय, काका?"

"चौतीस वर्षांचा घोडा झालाय, आणि बापाला सांगायला दुसऱ्या माणसाला पुढं करतो?"

मी म्हटलं, "पण मी मुलाचं वय कुठे सांगितलं?"

"नाही सांगितलंत," काका म्हणाले.

खिडकीशी उभा असलेला मेहुणा आला आणि वडिलांच्या समोरच्या खुर्चीत बसला. पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून बसला. आमच्या घरात तो तसा बसलेला मी प्रथमच पाहत होतो. खिशातून पत्र काढून त्यानं ताटाशेजारी ठेवलं. "बाबा, मला मिरजेला यायचं नाही. तिथल्या जागेला मी हो म्हणालो नव्हतो. तुम्ही मला विचारलं नव्हतं."

"तुला विचारावं लागतं, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही," काका म्हणाले. "सगळं तूच विचारायचास." त्यांनी पत्र उचललं नाही, नुसतं वरून पाहिलं. "कळवलंस त्यांना?"

"उद्या कळवायचंय."

"मग आत्ता मला विचारतोयस, की सांगतोयस?"

मेहुण्यानं पत्र वडिलांच्या वाटीपर्यंत सरकवलं. "सांगतोय," तो म्हणाला.

काका माझ्या बायकोकडे वळून म्हणाले, "भात वाढ गं थोडा." तेवढंच. उरलेले चार दिवस ते मुलाशी थेट एक अक्षरही बोलले नाहीत. "त्याला म्हणावं, छत्री घे," असं त्याच्याच समोर मला सांगायचे. विमानतळावर मुलानं वाकून नमस्कार केला तेव्हा डोक्यावर हात ठेवला, पण बोलले माझ्याशी. "सांभाळा," म्हणाले. कोणाला, ते सांगितलं नाही.

मेहुणा ऑगस्टमध्ये अमेरिकेला गेला. आणि पुढच्याच गुरुवारी, आमच्या साडेसातला, म्हणजे त्यांचा दुपारचा चहा झाल्यावर, मला काकांचा फोन आला, आणि मग तो दर गुरुवारी येऊ लागला. मुलाशी बोलणं बंद होतं, पण मुलाविषयीचं बंद नव्हतं. तो काय खातो, तिकडं थंडीत बर्फ पडतो म्हणे, कानटोपी आहे का त्याच्याकडं? मी मेहुण्याला निरोप धाडायचो, त्याचं उत्तर यायचं, "सांगा, आहे. खरं म्हणजे नाहीये, आज घेतो." मग तो विचारायचा, बाबा दुपारचे पडतात का, गोळ्या घेतात का. मी मधल्या मधे दोन्हीकडे बेधडक थापा मारत होतो आणि त्यात मला कमालीचं महत्त्व आलं होतं. नोव्हेंबरात एकदा काका म्हणाले, "त्याच्या त्या गोष्टींतली एखादी सांगा की." आठवेल तशी सांगितली. जिथे आठवेना तिथे माझ्या हातून आपोआप एखादं इंजिन बंद पडायचं. काका शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "ही त्याची नव्हे, ही तुम्ही जुळवलीत. पुढच्या गुरुवारी नीट सांगा." सहा महिने मी गृहपाठ केल्यासारखा गोष्टी आठवत राहिलो.

मग एका गुरुवारी फोन आलाच नाही. शुक्रवारी सकाळी मेहुण्याचा निरोप होता, "दाजी, काल बाबांचा फोन आला होता. पाऊण तास. गोष्ट सांग म्हणाले." मी आनंदानं ओरडलोच. बायकोला उठवून सांगितलं, चीफसाहेबांना कळवलं, ऑफिसात कारण न सांगता पेढे वाटले.

आता सगळं जिथल्या तिथे आहे, तेव्हा माझ्याकडे फोन येण्याचं कारणच उरलेलं नाही. या गुरुवारीही आला नाही. मी मात्र चुकून एक गोष्ट तयार ठेवली होती. एक मुलगा बोटीवर जातो. सगळ्यांना सांगत सुटतो, की घरातून पळून आलो. प्रत्यक्षात अर्ज वडिलांनी भरलेला असतो आणि यानं फक्त खाली सही केलेली असते. मुलाला खरं म्हणजे दुसरंच काहीतरी व्हायचं असतं. काय व्हायचं असतं, ते मला नक्की आठवत नाही. काकांनी विचारलं असतं, तर आठवलं असतं.