तीन दिवसांची रेघ

आमच्या वाशीच्या लॅबमध्ये रिझल्ट कमी आणि किस्से जास्त. कारण सोपं होतं. मशीनला एक रेघ काढायला तीन दिवस लागायचे, आणि तेवढा वेळ माणसं गप्प कशी बसणार?

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तिघं: साठे सर, त्यांची विद्यार्थिनी मी, आणि जवळच्या बोनकोडे गावचे अटेंडंट म्हात्रेमामा. रक्तात एक एन्झाइम असतं, त्याच्या पोटात जस्त. मशीनला जस्त नीट दिसत नाही, म्हणून ते काढून तिथे कॅडमियम बसवायचं, पावडर करून मोठ्या चुंबकात ठेवायची आणि सिग्नलची वाट बघायची.

*

बोकडाचं रक्त मामा गावातल्या मटणवाल्याकडून थर्मासमधून आणायचे. एकदा बसचा कंडक्टर म्हणाला, "मामा, एक कप आपल्याला पण द्या की."

मामांनी झाकण उघडून दाखवलं. "घ्या. पन गरम नाय हाय."

तेव्हापासून मामांना रोज खिडकीची सीट. शेजारचीही रिकामी.

*

मुंबईहून एक मोठे साहेब पाहणीला आले. आमची ग्रँट त्यांच्या हातात. सर म्हणाले, "घड्याळ बाहेर ठेवा, आत चुंबक आहे."

"इंपोर्टेड आहे हो, काही होत नाही," म्हणत साहेब चुंबकाजवळ वाकले.

मग दर थोड्या वेळाने मनगट बघायचे. "सव्वाअकराच झालेत? मग अजून दाखवा."

सरांनी चार वाजेपर्यंत दाखवलं. ग्रँट मिळाली. जाताना साहेब एवढंच म्हणाले, "आज भूक मात्र फार लवकर लागली."

*

पावडर करंगळीएवढ्या नळीत भरून चुंबकात गरगर फिरवायची असते. एका सकाळी ती नळी माझ्या हातून निसटली. टोपण उडालं. माझं वर्षभराचं काम फरशीवर. मी तिथेच रडायला लागले.

मामांनी पंखा बंद केला, दाराला कडी लावली. "कोनी हलू नका." मग बारीक ब्रश आणि कोरा कागद घेऊन ते फरशीवर पालथे पडले. संध्याकाळपर्यंत त्यांनी जवळजवळ सगळी पावडर गोळा केली. सरांनी ती स्वतः पुन्हा नळीत भरली.

तीन दिवसांनी कागदावरच्या सपाट रेघेत एक छोटंसं शिखर उभं राहिलं, आमचा सिग्नल. सरांनी ते बराच वेळ पाहिलं आणि मामांना हाक मारली.

"म्हात्रे, हे आजवर जगात कोणी पाहिलेलं नाही. आपण तिघांनीच."

मामांनी चष्मा लावला, कागद नीट पाहिला.

"मंग आजचा दिस तरी कुनाला सांगू नका," ते म्हणाले.

आम्ही डबे उघडले, एकत्र जेवलो आणि त्या दिवशी खरंच कोणाला काही सांगितलं नाही.