साहेबांना सांगितलेली एक गोष्ट

हे मी बायकोलाही कधी बोललो नाही. बोलणार तरी काय? तुम्ही तिऱ्हाईत आहात, म्हणून धीर करतोय — बघू, शेवटपर्यंत टिकतो का.

आमच्या साहेबांना दहाव्याला जायचा नाद आहे. नाद हाच शब्द. लग्न एक वेळ चुकवतील, दहावा नाही. तळवड्यापासून चाकणपर्यंत कोणीही जावो — घाटावर साहेब हजर, हातात माईक, डोळ्यांत पाणी. लोक म्हणतात, काय जिव्हाळा! डोंबलाचा जिव्हाळा. गाडीतून उतरण्याआधी ते माझ्याकडे वळतात, "एक गोष्ट सांग रे त्याची." मी सांगतो — भजनात पेटी वाजवायचा, आईला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेला, काहीही. तेवढ्यावर साहेब रडतात. परत येऊन गाडीचं दार लावलं, की टेपवर मघाशी थांबवलेली लावणी तिथूनच पुढे सुरू. गोष्ट खरी की खोटी, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही. मेलेल्याशी ज्याला घेणंदेणंच नाही, तो विचारेल कशाला? अंगाचा तिळपापड होतो माझा. पण मी कोणत्या तोंडानं चिडतोय? गोष्टी पुरवणारा तर मीच.

आणि मी नुसता कार्यकर्ता नाही. महाळुंग्यातल्या एका कारखान्याला माणसं पुरवायचं कंत्राट माझं आहे, साहेबांच्या शब्दावर मिळालेलं. सुदाम माझ्याकडचाच माणूस. लातूरकडून आलेला, बायको कमल आणि लहान मुलगी घेऊन इथंच खोलीत राहायचा. प्रेसची डाय, म्हणजे जड लोखंडी साचा, क्रेननं उचलायचा पट्टा फाटत आला होता. त्यानं तो मला आणून दाखवला. म्हणाला, "भाऊ, ह्यो तुटणार बघा." मी म्हटलं, "आजची शिफ्ट ढकल रे."

ढकलली त्यानं. पट्टा तुटला, डाय अंगावर आली.

दहाव्याच्या सकाळी साहेब सवयीनं वळले. "एक गोष्ट सांग." कमल भरपाई मागणार होती, चौकशी लागणार होती, पट्ट्याचं निघणार होतं. मी घाबरलो — सरळ घाबरलो. म्हटलं, "दारू प्यायचा, साहेब. कामावरसुद्धा."

साहेबांनी ते जसंच्या तसं घाटावर सांगितलं. भरल्या गळ्यानं. "पोरांनो, सुदामला दारूनं नेलं." कमल उठून उभी राहिली. "न्हाई ओ साहेब, त्यांनी कधी हात बी लावला न्हाई." साहेबांनी तिला हात जोडले आणि बोलत राहिले. माईक त्यांच्याकडे होता ना.

पिंडाला कावळा शिवेना. मागून कोणीतरी म्हणालं, "शेजारी क्वार्टर ठेवा, लगेच येईल." चारचौघं हसले. आणि मी — मीही हसलो. कमलनं वळून पाहिलं, ते नेमकं तेव्हाच.

पुढे चौकशीत पट्ट्याचं कोणी विचारलं नाही. साहेबच बोललेत म्हटल्यावर कोण विचारतंय? कमल मुलीला घेऊन गावी गेली — हाती काही नाही, वर दारुड्याची बायको म्हणून. कंत्राट अजून माझंच आहे. परवाच्या दहाव्यालाही साहेब माझ्याकडे वळले, आणि मी एक गोष्ट सांगितली.

सुदाम पीत नव्हता. पट्टा फाटला होता, आणि तो त्यानं मला दाखवला होता.