एकाच नावाचे दोन आदेश

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळायचे. विष्णुपुरीच्या कॉलेजातून नुकतीच इंजिनिअर होऊन आले होते, सगळं येतं असं वाटायचं. प्रश्नपत्रिका टाइप करणारे चाचा औशाहून रोज यायचे. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर आदेश टाइप करून काम चालायचं. त्यातला 'आरएम' हा आदेश फाइल कायमची पुसतो. चाचांच्या हातून एकदा अख्खा पेपर असा गेला, म्हणून मी माझा वेगळा 'आरएम' लिहिला. तो फाइल न पुसता 'टोपली' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा. मूळ आदेश काढून त्याच्याच जागी, त्याच नावानं मी तो बसवला. आपल्या आदेशाला वेगळं नाव द्यावं, मुळाला हात लावू नये, हे मला ठाऊक होतं. पण चाचांना नवं नाव कशाला पाठ करायला लावायचं?

चाचांची बहीण किल्लारीजवळच्या एका गावात दिलेली. भूकंपात ते गाव गेलं, बहीण वाचली. जेवणाच्या सुट्टीत चाचा ते जुनं गाव टाइप करत, गल्लीवार, कोणाच्या शेजारी कोण राहायचं ते. रविवारी बहिणीकडून, तिथल्या म्हाताऱ्यांकडून लिहून आणत आणि टाइप झालं की कागद टाकून देत. फोल्डर आवरताना आधी सगळ्या फाइली, गावाच्यासुद्धा, पुसायच्या, मग टोपलीतून हव्या तेवढ्या उचलायच्या, अशी त्यांना सवय लागली होती.

क्लास वाढला, नवी मशिनं आली. टोपली सोडून चाचांचं सगळं मी नव्या मशीनवर हलवलं आणि जुनं कोरं करून सरावाला दिलं. माझा आदेश नव्यावर बसवायचा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांनी हाक मारली. "बेटी, टोपली दिसंना."

मी पडद्याकडे पाहिलं आणि समजले. नव्या मशीनवर मूळचाच 'आरएम' होता, गावाच्या सगळ्या फाइली कायमच्या पुसल्या गेल्या होत्या; तसं मी त्यांना सांगितलं.

"तूच म्हणली होतीस ना," ते हळूच म्हणाले, "पुसलं तरी जात न्हाई म्हणून?"

मी हो म्हणाले.

दोन दिवस डिस्क उकरली. हाती आले ते अक्षरांचे तुकडे. पुन्हा लिहू म्हणून रविवारी मी त्यांच्यासोबत गेले. बहीण काही महिन्यांपूर्वीच वारली होती. उरलेल्या दोघा म्हाताऱ्यांचं मशिदीमागचं पहिलं घर कोणाचं, यावरच जमेना. चाचांनी वही मिटली.

माझ्या आदेशाला मी वेगळं नाव दिलं, तो नव्या मशीनवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला, मूळ आदेशाला हात लावला नाही. चाचांनी माझा आदेश कधी वापरला नाही. माझ्याशी ते नीट बोलायचे. जेवणाच्या सुट्टीत मात्र मशीन बंद करून बाहेर पायरीवर बसून राहायचे.