कोलोझियमचं मुखदर्शन आणि आप्पांची हाक

मला माहितीये तुम्ही का आलात. लाइट बंद, चादर गळ्यापर्यंत, मोबाईल नाकाला टेकलेला. आता घाट येणार, घाटात लिफ्ट मागणारी बाई येणार, मग तिचे पाय उलटे निघणार… नाही येणार. इथे पिंपळ नाही, विहीर नाही, बंद पडलेला बंगलाही नाही. भर सकाळचं ऊन आहे, परदेश आहे, मुंग्यांसारखे टुरिस्ट आहेत आणि माझ्या हातात हॉटेलच्या नाश्त्यातून उचललेलं केळं आहे. आणि तुमच्या सगळ्यांच्या गोष्टीत शेवटी जो बॉम्ब फुटतो ना — 'पण ती व्यक्ती तर वारली होती…' — तो मी आत्ताच फोडून टाकतो. हो, वारली होती. आम्हाला माहीत होतं. तेराव्याच्या पंगतीत भात मीच वाढत होतो.

तर माझा या असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही. या ग्रुपवरचे भुताचे अनुभव मी मित्रांना आवाज काढून वाचून दाखवतो आणि लोक चहा सांडेपर्यंत हसतात. मग आज स्वतः का लिहितोय? कारण माझ्याकडे उत्तर नाहीये, आणि मला ते आवडत नाहीये. बस.

मी बदलापूर वेस्टचा, हेंद्रेपाड्यात राहतो. शाळा कुळगावची, मराठी मीडियम. शाळेत हेडसरांचा आवाज काढून एकदा पूर्ण वर्ग घरी पाठवला होता, तेव्हापासून हा धंदा मागे लागलाय. दिवसा अंबरनाथला एका शोरूममध्ये टीव्ही विकतो, बाकी वेळ हळदीला, गणपतीला, सोसायटीच्या पूजेला मिमिक्री. कोणाचाही आवाज द्या, काढून देतो.

फक्त एक आवाज पूर्ण कधी जमला नाही. माझ्या सासऱ्यांचा. आप्पांचा.

आप्पा चामटोलीचे. थोडी शेती, आणि पोटासाठी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत नोकरी. माझी बायको सायली कॉलेजला होती तेव्हा ते तिला स्कूटरवरून स्टेशनला सोडायचे. ही बया आरशापुढे, आणि हे अंगणात स्कूटरवर बसून हाक मारायचे — "सायले गोऽऽ, चल, गाडी चुकंल." साधी हाक. पण शेवटाला त्यांचा आवाज आधी खाली जायचा आणि मग एकदम वर उचलला जायचा, डोक्यावर भारा घेताना माणूस देतो तसा झटका देऊन. चार शेतं ओलांडून ऐकू जायची.

आमच्या लग्नात मी माईकवर तीच हाक काढली. सगळं वऱ्हाड हसलं, आप्पा तर खोकेपर्यंत. मग दर वेळी गेलो की, "जावयबापू, माझा आवाज काढा जरा." मी काढायचो. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "नाय. पुढचा बरा हाय. शेवट नाय जमला."

आप्पा गेले. वर्षश्राद्ध झालं. आणि त्यांचा पहिला पितृपक्ष आला, तेव्हा आम्ही युरोपला गेलो.

आता तुम्ही म्हणाल, पक्षात कोणी फिरायला जातं का. अहो, म्हणूनच तर परवडलं. उल्हासनगरचा सिंधी मुरली, माझ्या शोरूमशेजारी त्याच्या मामाच्या फर्निचरच्या दुकानात एक टेबल टाकून टूर विकतो. मला म्हणाला, "साईं, इन पंद्रह दिन में तुम्हारे लोग चड्डी भी नहीं खरीदते. बस खाली जाएगी मेरी. तू आ जा, तेरे को पड़ोसी का रेट देता हूँ." सासूबाईंना समजल्यावर त्या म्हणाल्या, "जावयबापू, पहिला पक्ष हाय त्यांचा. पोर घरात नको?" मी म्हटलं, "सायलीचा दादा आहे ना पान ठेवायला. आप्पा पानावर येणार, जेवणार, जाणार. त्यांना काय सायलीसोबत सेल्फी काढायचाय?" सासूबाई उठून आत गेल्या. सायली पण. बॅग भरताना ती गप्प होती, विमानात गप्प होती. मला वाटलं, घाबरलीये विमानाला.

स्वस्तातली टूर म्हणजे काय ते सांगतो. सगळ्या जगप्रसिद्ध गोष्टी बाहेरून बघायच्या. आत तिकीट लागतं. आपल्याकडे देवळात रांग मोठी असली की बाहेरून मुखदर्शन घेतो ना, तसं अख्ख्या युरोपचं मुखदर्शन. मुरली सेल्फी स्टिकला भगवा दुपट्टा बांधून पुढे चालतो, मध्येच थांबतो आणि म्हणतो, "ये देखो, बहुत पुराना है." संपली माहिती. बसमधले काका-काकू त्यावर "वा वा" करतात आणि चिवडा उघडतात.

रोमला पोचलो त्या दिवशी तिथीने आप्पांचं पान होतं. कोलोझियम — म्हणजे एक मोठं गोल स्टेडियम, अर्धं पडलेलं. बदलापुरात असतं तर नगरपालिकेने धोकादायक इमारतीची नोटीस चिकटवली असती. इथे लोक त्याच्यापुढे पोट आत ओढून फोटो काढतात. बस लांब उभी होती, तिथून चालत आलो. मुरलीने बजावलं, "फोटो खींचो और वापस. बस यहाँ रुकती नहीं, ड्राइवर का टाइम होता है. जो रह गया वो रह गया, हॉटेल अपने आप आएगा." हॉटेल शहराबाहेर होतं. नाव कोणालाच उच्चारता येत नव्हतं, मुरलीला पण नाही.

मी सायलीला म्हटलं, उभी राहा, फोटो काढतो. बघतो तर ती पर्समधून एक टिशू काढतेय. उघडला. आत आदल्या रात्रीच्या डब्यातला भात, त्यावर डाळ, वर थोडं फरसाण. आप्पांना भातावर फरसाण लागायचं.

"हे काय?"

"आईकडे आत्ता पान ठेवलं असेल. मी पण ठेवते इथे कुठेतरी. कावळे आहेत बघ."

कावळे खरंच होते. आपल्यासारखेच, फक्त अंगावर राखाडी बनियन घातल्यासारखे. पण मी कशाला सोडतोय? आजूबाजूला बसमधले सगळे होते, पब्लिक तयार होतं. मी घसा खाकरला आणि आप्पांच्या आवाजात सुरू झालो — "सायले गोऽऽ, इटलीला येवन भात कनाला देतंस? मना पिझ्झा पायजेल. चीज जास्त."

काका-काकू हसले. मुरली हसला, त्याला मराठी धड कळत नाही तरी. सायली हसली नाही. रागावली पण नाही. तिने टिशू घडी केला, हातात घट्ट धरला आणि गर्दीत निघून गेली. मला वाटलं, पाच मिनिटांत येईल. नवरा इथे आहे, जाणार कुठे.

नाही आली.

मुरलीने डोकी मोजली. एक कमी. "साईं, भाभी किधर है?" मी म्हटलं, येते. परत थोड्या वेळाने, "साईं, ड्राइवर गाली दे रहा है." आता मला हिशोब लागला. सिम आम्ही एकच घेतलेलं, ते माझ्या फोनमध्ये. दोघांचे पासपोर्ट माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये. तिच्या पर्समध्ये काय होतं? कंगवा, आवळा सुपारी, आणि टॉयलेटसाठी दिलेली चिल्लर. हॉटेलचं नाव तिला येत नाही. माझं केळं तसंच हातात राहिलं.

मी त्या गोल इमारतीला अर्धा वळसा मारून आलो. सगळीकडे झेंडे, छत्र्या, गाईड. टिनची तलवार लावलेला एक नकली सैनिक माझ्याकडे फोटोचे पैसे मागत मागे लागला. मी "सायली, सायली" ओरडत होतो आणि माझा आवाज माझ्यापासून चार पावलांवर मरत होता. मुरली दुपट्टा हलवत लांबून म्हणाला, "भाई, मैं निकलता हूँ, तू ढूँढ के आ." आणि मी पहिल्यांदा हात जोडले. मुरलीला. विचार करा.

मग मी एका पडक्या दगडावर चढलो आणि आप्पांच्या आवाजात हाक मारली. आता जोक नव्हता, आईशप्पथ. तो आवाज लांब जातो, एवढंच डोक्यात होतं. "सायले गोऽऽ, चल, गाडी चुकंल." एकदा मारली. परत मारली. लोक वळून बघायला लागले. तो टिनवाला पण पैसे मागायचा थांबला. आणि शेवट नेहमीसारखाच फसला — माझा आवाज खाली जातो, पण वर उचलला जात नाही. चिरकतो.

काही नाही. कोणी आलं नाही. मुरली समोरच्या वळणावर दिसेनासा झाला होता. मी दगडावरच बसलो.

बऱ्याच वेळाने ती आली. समोरच्या मोठ्या कमानीपलीकडून, झाडांचा जो लांब रस्ता जातो ना, तिकडून. पळत. चेहरा लाल. हातात टिशू नव्हता. मला वाटलं, आधी मला दोन ठेवून देईल. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या मागे बघितलं आणि म्हणाली, "आप्पा कुठेत?"

मी म्हटलं, "अगं मी होतो. मीच हाक मारली."

"तू कुठून मारलीस?"

"इथून. या दगडावरून."

"नाही. ते माझ्या मागे होते. जिन्यावर."

झालं होतं असं. ती चिडून त्या झाडांच्या रस्त्याने चालत सुटली. एका मोडक्या खांबावर भात ठेवला. कावळा लगेच आला, भात खाल्ला, फरसाण पण खाल्लं. तिला बरं वाटलं, मग बसची आठवण झाली आणि कळलं की रस्ता चुकलाय. सकाळी बस थांबली तिथे मेट्रोचा 'एम' होता. तिला पुढे एक 'एम' दिसला, खाली जाणारा जिना दिसला. आता बदलापूरच्या माणसाला खाली जाणारा जिना दिसला की त्याला एकच कळतं — ईस्टहून वेस्टला निघतो. तिला वाटलं, खालून पलीकडे गेलं की बस. ती उतरायला लागली. तो दुसराच एम होता. खाली मेट्रो. पासपोर्ट नाही, फोन नाही, हॉटेलचं नाव नाही.

अर्ध्या जिन्यावर मागून हाक आली. "सायले गोऽऽ. खाली कनाला जातंस? वर ये. तो यडा दगडावर चढलाय."

मी हे बोललोच नव्हतो. मी फक्त 'चल, गाडी चुकंल' म्हणालो होतो. ती वर आली, मागे कोणी नव्हतं, आणि ती आवाजाच्या दिशेने पळत सुटली.

मी म्हटलं, "एको असेल." मलाच ते ऐकून हसू आलं. एको माझेच शब्द परत देईल ना, नवीन डायलॉग लिहून देईल का? म्हटलं, "तुला भास झाला, तू टेन्शनमध्ये होतीस." ती एवढंच म्हणाली, "तुझा शेवट कधी जमत नाही. हा जमला होता."

बस सुटली नव्हती. ड्रायव्हरचं कोणाशी तरी भांडण लागलं होतं, त्यात तो अडकला. मुरली म्हणाला, "तेरा नसीब है साईं." नसीब-बिसीब मी मानत नाही. चढलो.

घरी आल्यावर मी टेस्ट पण केली. सायलीला मैदानाच्या एका टोकाला उभी केली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन ओरडलो. मधली पोरं क्रिकेट थांबवून बघत होती. तिला काही ऐकू आलं नाही. आणि रोमचा तो रस्ता या मैदानापेक्षा किती तरी लांब होता. आता तुमच्यातले हुशार लोक खाली कमेंटमध्ये लिहितील — वारा, मानसशास्त्र, आत्मा, क्वांटम. लिहा. मला एकही पटलेलं नाहीये. आवाज माझा नव्हता, एवढंच मला सांगता येतं, कारण आवाज हाच माझा धंदा आहे. बाकी मला माहीत नाही.

पण खरा हिशोब रोमला त्याच दिवशी झाला होता. हॉटेलचं वायफाय लागलं आणि सायलीने घरी व्हिडिओ कॉल लावला. इकडची सकाळ म्हणजे तिकडची दुपार, आणि दुपारी चामटोलीला काय झालं ते सासूबाईंनीच आधी सांगितलं. पान कौलावर ठेवलं, कावळा येईना. पुरणाचे, वड्याचे, सगळे लाड केलेले. दादाने हात जोडले, सायलीच्या काकांनी जोडले, 'पोरीची काळजी करू नका' म्हणून सांगितलं. काही नाही. कावळा शिवल्याशिवाय जेवायचं नाही, म्हणून सगळं घर उपाशी. उन्हं कलली तेव्हा एक आला, वड्याला एकदा चोच लावली आणि गेला. "जेवून आल्यासारखा," सासूबाई म्हणाल्या.

मग सायलीने तिची गोष्ट सांगितली. सगळी. पिझ्झासकट.

मग सासूबाई म्हणाल्या, "फोन त्यांना दे." मी दात काढत कॅमेऱ्यासमोर आलो. लग्नापासून ही बाई मला 'अहो जावयबापू' सोडून बोललेली नाही.

"लाज नाय वाटली तुला?" सासूबाई म्हणाल्या. "हिथं सगळा घर पान मांडून बसलेला. माझी गोळी राह्यली. दादाची लहान पोर भुकेनी रडून झोपली. आमी आपलं आकाशात बघतोय, आता येतील, मग येतील. आणि तू त्यांना तिकडं बोलावून घेतलंस? थट्टा करायला? त्यांचं गुडघं कसं होतं तुला ठाव नाय? घरातनं अंगणात यायला भिंत धरायचे ते. एवढ्या लांब चालवलंस त्यांना. परत हाक मारायची झाली तर हिथं येवन मार. आमच्या अंगणातनं. आणि आधी शेवट नीट शिक."